हेरेफर्डचा बिशप आणि फासावर गेलेला क्राग

मध्ययुगातल्या बिशपांनी आपापल्या गावच्या संतांचं प्रस्थ वाढवलं ते निव्वळ दानपेटीसाठी, असं सर्रास बोललं जातं. पैसा होताच. पण तेवढ्यावर विषय मिटवणं मला अजिबात पटत नाही. इंग्लंडमधलं हेरेफर्डच बघा.

तिथला बिशप थॉमस कँटिलूप १२८२ मध्ये इटलीत वारला. त्याचा वरिष्ठ, आर्चबिशप जॉन पेकमने त्याला चर्चमधून बहिष्कृत केलं होतं आणि तो पोपकडे दाद मागायला गेला होता. त्याच्या अस्थी हेरेफर्डला आल्या. त्याच्या जागी बिशप झालेल्या रिचर्ड स्विनफील्डने त्या १२८७ च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या गुरुवारी, कॅथेड्रलमधल्या नव्या कबरीत समारंभाने हलवल्या. मुहूर्त विचारपूर्वकच धरलेला असणार. चमत्कारांच्या नोंदी सुरू झाल्या, लोकांची रीघ लागली. १२९० मध्ये स्विनफील्डने थॉमसला संत घोषित करावं म्हणून पोपला पत्र लिहिलं.

त्याच सुमारास वेल्समध्ये स्वान्सीला विल्यम क्राग नावाच्या बंडखोराला फाशी दिली. खाली उतरवला तेव्हा जीभ काळी पडून बाहेर लोंबत होती. तिथल्या सरदाराच्या बायकोने, लेडी मेरीने, संत थॉमसच्या नावाने दोऱ्याने त्याचं माप घ्यायला लावलं. त्या मापाची मेणबत्ती करून संताला वाहायची, असा तो नवस. क्राग जगला आणि गळ्यात फास अडकवून हेरेफर्डला चालत गेला. कबरीपाशी मेणाच्या हातापायांचा खच पडलेला असे. आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीला आजही तसेच वाहतात.

१३०७ मध्ये थॉमसला संत मानावं का हे तपासायला पोपचे चौकशी अधिकारी आले. त्यांच्यासमोर लेडी मेरी बोलली, खुद्द क्रागही बोलला. एरवी सातशे वर्षांपूर्वीच्या फाशी गेलेल्या माणसाचं म्हणणं कोण लिहून ठेवणार? बिशपने हट्ट धरला म्हणून ते आज आपल्याला वाचता येतं. मला याचं फार मोल वाटतं.

आणि दान तर रोमच्या शिक्क्याआधीच येत होतं. मग इतकी वर्षं खटपट कशाला? चौकशीत आधी तपासलं गेलं ते हेच, की थॉमस बहिष्कृत अवस्थेत मेला का. स्विनफील्डला आपल्या माणसावरचा हा डाग पुसायचा होता, असं माझं ठाम मत आहे. १३१७ मध्ये तो गेला. पोप जॉन बाविसाव्याने थॉमसला संत घोषित केलं ते १३२० मध्ये.