रविवारची नदी आणि बंद ठेवलेला ब्लोअर

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नदीप्रेमाला भरती येते. रविवारी सकाळी हातमोजे, टोप्या, बॅनर, फोटो आणि मग मिसळ. मुठेच्या काठावरून पोती भरून प्लॅस्टिक निघतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मुठेची गटारगंगा झाली ती मुख्यतः आपल्या संडास-बाथरूमच्या पाण्याने, आणि ते पाणी हातमोजे घालून उचलता येत नाही.

त्यासाठी कंटाळवाण्या गोष्टी कराव्या लागतात. कागद वाचावे लागतात. मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणाचा ‘जायका’चा (ही जपानची सरकारी मदतसंस्था) प्रकल्प जानेवारी 2016 मध्ये मंजूर झाला. 990 कोटी रुपये, 11 नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं, दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमता. काम संपायचं होतं जानेवारी 2022 मध्ये. भूमिपूजन झालं मार्च 2022 मध्ये. पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. मधल्या सहा वर्षांत किती सोसायट्यांनी एकत्र येऊन ‘आमच्या भागातलं केंद्र कुठे अडलंय?’ असं लेखी विचारलं? माझ्या ओळखीत तरी एकीनेही नाही. त्याच मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. म्हणजे ज्याला जाता-येता जिन्यात गाठून विचारावं, तो माणूसच उरला नाही.

आम्ही काही जणी मागे एकदा क्षेत्रीय कार्यालयात गेलो होतो. नाल्यात थेट मैलापाणी येतंय, ही तक्रार. तिथल्या अभियंत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, तुमच्या सोसायटीचा एसटीपी चालू आहे ना? मागच्या महिन्याचा रिपोर्ट आणलाय?” एसटीपी म्हणजे सोसायटीतलं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. तिचा रिपोर्ट आमच्यातल्या एकीकडेही नव्हता. विषय तिथेच संपला. प्रश्न टाळण्यासाठी विचारलेला असेलही, पण रास्त होता.

वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाणी शुद्धीकरण ही त्या मंजुरीतली अट असते. बिल्डर एसटीपी बांधतो, सोसायटीच्या ताब्यात देतो, आणि मग कमिटीला वीजबिल दिसतं. पहिली कात्री ब्लोअरवर, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रावर. रात्री आवाज येतो म्हणून तळमजल्यावाल्यांचीही तक्रार असतेच. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. हवा तोडली की मरतात, पाणी घाण मारायला लागतं, ते संडासच्या फ्लशला पुन्हा वापरायला नको म्हणून सगळे ओरडतात, आणि एक दिवस बायपासचा व्हॉल्व्ह उघडून सगळं पावसाळी गटारात. सर्वसाधारण सभेत लॉबीच्या रंगावर तासभर भांडण होतं आणि एसटीपीचा खर्च ‘इतर देखभाल’मध्ये एका ओळीत उरकतो.

आणि मग नदी कुणी घाण केली, तर म्हणे वस्तीवाल्यांनी. माणशी पाणी कोण जास्त वापरतं, हे उन्हाळ्यात टँकरवाल्याला विचारा.

महापालिका सुटते असं मी म्हणत नाहीये. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इथे जीबीएसचे (मज्जातंतूंवर आघात करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण सापडले तेव्हा सगळ्यांना अचानक आठवलं की आपण पितो ते पाणी कुठून येतं आणि त्यात काय मिसळू शकतं. गावं महापालिकेत घेतली, शुद्ध पाण्याची आणि ड्रेनेजची व्यवस्था मात्र मागाहून रांगत येतेय. खालच्या अंगाला तर विचारूच नका. आपलं पाणी भीमेतून उजनीत जातं. तेच सोलापूर पितं, आणि तीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. वारीत पालख्यांना पुणेकर चहा-पोहे देतात. त्याच वारकऱ्यांच्या स्नानाच्या पाण्यात आपण काय सोडतो, हे बोलायला मात्र अवघड वाटतं.

मार्ग नाहीत असंही नाही. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. आपण काय सुचवतो? बाकडी, पेव्हर ब्लॉक, चौकात कमान. नाल्याला समांतर मैलावाहिनी सुचवली तर तिच्यावर नाव कुणाचं लावणार? क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे. ती घ्या म्हणून दहा सोसायट्यांनी सह्यांचं पत्र दिलं तर निदान ‘घेत नाही’ असं लेखी उत्तर तरी हातात येईल. ते घेऊन पुढे जाता येतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात जवळच्या केंद्राचे तपासणी अहवाल मागता येतात. यातल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही, हीच खरी अडचण.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडतेय. एसटीपीच्या वीजमीटरचा आकडा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला सूचनाफलकावर लावायचा, आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन द्यायची. सेक्रेटरींनी आत्ताच सांगितलंय की ‘ताई, एवढं कशाला’. शेजारच्या सोसायट्यांमधून कुणी हाच ठराव मांडणार असेल तर मसुदा पाठवते, इनबॉक्समध्ये सांगा.