‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांसाठी

“टेन्शन घेऊ नकोस, हार्टला त्रास होईल.” हे वाक्य ऐकलं की माझंच बीपी वाढतं. समोरच्यानं ते टेन्शन काय हौसेनं घेतलेलं असतं?

ताणाचा हृदयाशी संबंध आहे, यात वाद नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकशी निगडित नऊ मुख्य घटक सांगितले होते. धूम्रपान, डायबेटिस, बीपी यांच्याच पंगतीत मानसिक-सामाजिक ताणही होता. अंगावर संकट आलं की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्त गोठण्याकडे झुकतं. संकट टळलं की सगळं पूर्वपदावर यावं, अशी ही सोय. पण नोकरीची टांगती तलवार किंवा घरातलं लांबलेलं आजारपण टळतच नाही. मग झोप उडते, सिगारेट वाढते, चालणं सुटतं आणि हृदयाला दोन्हीकडून मार बसतो.

मला खरी खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ताण म्हणजे मोठ्या साहेबांचा आजार, असं आपण धरून चालतो. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात उलटंच निघालं: हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात खालच्या श्रेणीत जास्त. धूम्रपान, बीपी, कोलेस्टेरॉल जमेस धरूनही हा फरक पुरता पुसला गेला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचं काहीच नसतं त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. कामाचा डोंगर असणं वेगळं आणि त्या डोंगरावर आपलं काही न चालणं वेगळं.

म्हणून माझ्या मते उपायाची सुरुवात डोळे मिटून बसण्यापासून नको. आधी काहीतरी आपल्या हातात घ्या. रात्री अमुक वाजल्यानंतर ऑफिसचा फोन उचलायचा नाही. आजारी माणसाची सेवा एकट्यानं ओढायची नाही, भावंडांत वार वाटून घ्यायचे. आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर हाताखालच्यांना ध्यानाच्या शिबिराला पाठवण्याआधी त्यांच्या कामाचे तास ठरवण्यात त्यांचंही मत घ्या.

बाकीचं माहीतच आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चालणं, सात तास झोप, मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीनं थोडा वेळ संथ श्वसन. उपयोग होतोच. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कसली लाज?

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं तर “टेन्शनमुळे असेल” म्हणत पडून राहू नका. बायकांच्या बाबतीत तर हे वाक्य फार सहज फेकलं जातं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचे स्नायू तात्पुरते दुबळे पडतात, असा ताकोत्सुबो नावाचा आजारही आहे. तो पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि हुबेहूब अटॅकसारखाच दिसतो. दोन्हींतला फरक ईसीजी, रक्ततपासणी, इको, बहुतेकदा अँजिओग्राफी झाल्यावरच कळतो. तेव्हा आधी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, टेन्शन होतं की नव्हतं ते डॉक्टर सांगतील.