काका, मावशी आणि आई यात फरक असतो

फॅमिली ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय, जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या, पुरावा म्हणजे मातृ-मदर, भ्रातृ-ब्रदर, दक्षिणेतल्या भाषासुद्धा तिच्याच लेकी, आणि नासानेही हे मान्य केलंय. खाली अकरा नमस्कार. काका, रागावू नका, पण एकेक मुद्दा घेतेच.

मदर-ब्रदरचं साम्य खरंच आहे, नाही कोण म्हणतं. आपल्या गोव्यात तर त्यासाठी इंग्रजीपर्यंत जायलाच नको, माझी आजी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत शिकलेली, पैसे मोजताना दोइश, त्रेश, सेत, देश म्हणायची, शेजारी दोन, तीन, सात, दहा ठेवून बघा. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनी १५८३ सालीच गोव्यातून भावाला पत्रात कळवलं होतं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं ते गाजलेलं भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं!

पण दोघी सारख्या दिसल्या की मायलेकीच असतात का? बहिणीपण असतात ना. आठला ग्रीक आणि लॅटिन दोन्हीत 'ऑक्टो', संस्कृतमध्ये अष्ट. दहाला ग्रीक 'डेका', लॅटिन 'डेकेम', संस्कृतमध्ये दश. आता संस्कृत आई धरली तर तिच्या एकाच अ मधून या दोघींनी आठमध्ये ओ आणि दहामध्ये ए असा अगदी सारखाच कसा काढला, ठरवून? त्याऐवजी तिघी एकाच जुन्या आईच्या लेकी धरल्या की सगळं जुळतं, आधीचे ऱ्हस्व अ, ए, ओ संस्कृतमध्ये एका अ मध्ये मिसळून गेले. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, म्हणजे संस्कृतला फार तर पोर्तुगीजची मावशी म्हणा, कारण खरी आई त्याहून जुनी, तिचं एक अक्षर लिहिलेलं सापडलेलं नाही.

आणि सगळं साम्य नात्याचं नसतं हो. चावी, बादली, पगार आपण पोर्तुगीजमधून उचलले. काजू तर ब्राझीलच्या तुपी भाषेतला, पोर्तुगीजांबरोबर झाडही आलं नि नावही. म्हणून काय तुपी मराठीची आई?

दक्षिणेचं म्हणाल तर म्हापशाच्या बाजारात बेळगावकडची भाजीवाली कन्नडमध्ये मोजताना ऐका, ओंदु, एरडु, मूरु. तमिळमध्ये ओन्रु, इरंडु, मून्रु. यात एक-द्वि-त्रि कुठंय? कन्नडमध्ये संस्कृत शब्द ढिगाने आहेत, पण मोजणं, डोळा, हात घरचेच. ही द्रविड मंडळी, यांची ब्राहुई नावाची बहीण पार बलुचिस्तानात. आणि देणंघेणं दोन्हीकडून झालंय, मराठीत "आपण जाऊया" आणि "आम्ही जातो" यात समोरचा धरला की वगळला हा जो फरक आहे ना, तो द्रविड शेजाराचा मानतात. मेळघाटातली कोरकू भाषा तर संस्कृतच्या आणि द्रविड या दोन्ही घराण्यांत नाही, ती मुंडा गटातली, तिचे लांबचे नातेवाईक कंबोडिया-व्हिएतनाममध्ये.

बाकी जग मी सोडूनच देते, चिनी वेगळं घराणं, अरबी-हिब्रू वेगळं, मादागास्करच्या भाषेची सख्खी बहीण थेट बोर्निओत, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेला तर कोणीच नातेवाईक सापडत नाही, आणि एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेच्या वर भाषा.

राहिला नासा. १९८५ साली तिथल्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने एक लेख लिहिला, की संस्कृत वैयाकरणांची वाक्य सोडवायची पद्धत कम्प्युटरला माहिती समजावण्याच्या पद्धतीशी जुळते. लेख त्याचा, संस्थेचा ठराव नव्हे. आणि त्याचा विषय व्याकरण होता, सगळ्या भाषांची आई कोण हा नव्हताच.