त्या चर्चवाल्या फॉरवर्डबद्दल

परवापासून एक मेसेज फिरतोय: चर्च इंग्रजांनी बांधली, घंटा देवळातून पळवल्या, पेटी-तबला ही लोकांना फसवायला हल्ली केलेली नक्कल, आणि आत दारू पाजतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे काका दर नाताळाला आमच्याकडच्या करंज्या खातात, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

इंग्रजांनी बांधली म्हणे. अहो काका, आमच्या सोलापुरात १८६० च्या दशकात आलं ते अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची संस्था. यांचे पहिले लोक १८१२ ला कलकत्त्यात उतरले तर कंपनी सरकारने चालते व्हा म्हणून सांगितलं, त्यांतले हॉल आणि नॉट कसेबसे १८१३ ला मुंबईत पोचले, तर तिथूनही हाकलायला बघितलं.

घंटांचं तर उलटंय. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणून देवळांत टांगल्या, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. आमची काही तक्रार नाही बरं का.

आता पेटी-तबला. आमच्याकडे रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी तबलेवाला पुलपीटशेजारी सतरंजीवर बसून हातोडीने गट्टे ठोकत असतो, बाया चपला बाहेर काढून पदर सावरत बाकावर बसतात, आणि माझ्या आजीचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालघालून इतकं जाड झालंय की मिटतच नाही. त्यात रेव्हरंड टिळकांची पदं आहेत, म्हणजे आपले नारायण वामन टिळक, बाप्तिस्मा १८९५ ला, वारले १९१९ ला, आता ह्यात हल्लीचं काय आलं? आणि फादर स्टीफन्सने गोव्यात मराठीतलं ख्रिस्तपुराण छापलं ते १६१६ ला, तेही ओव्यांत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. मेसेजमधला फोटो कॅथलिक चर्चचा आहे ते वेगळंच, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात मूर्ती नसते, नुसता लाकडी क्रूस.

राहिली दारू. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, वाइन वापरतात हे खरं, घोटभर. आमच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या विधीला, द्राक्षरस. आई काळे मनुके रात्री भिजवते, सकाळी उकळून गाळते, आणि तो अंगठ्याएवढ्या ग्लासात मिळतो, फार तर दीड चमचा. एवढ्यात कुणाला चढली असेल तर मनुके कुठल्या दुकानातले ते सांगतो.