रंगवलेले हेल्मेट रणांगणाची साक्ष देते का? एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या रंगवलेल्या पोलादी हेल्मेटांची छायाचित्रे सर्वत्र फिरत असतात आणि त्यांच्यासोबत बहुधा एकच मजकूर असतो: सैनिकाने हे चित्र खंदकात बसून रंगवले, तेच डोक्यावर घालून तो लढला, चिन्हावरून त्याची डिव्हिजन, म्हणजे सैन्याची मोठी तुकडी, कळते, आतल्या नावावरून तो स्वतः सापडतो आणि रंग अस्सल की बनावट हे अतिनील दिव्याखाली लगेच ठरते. या प्रत्येक विधानात सत्याचा थोडा अंश आहे, त्यामुळेच हा दावा खोडणे जिकिरीचे ठरते.

सर्वात कच्चा भाग पहिलाच आहे. अमेरिकेचे एम १९१७ हेल्मेट कारखान्यातून बाहेर पडताना त्यावर मंद हिरवट-तपकिरी रंग दिलेला असे आणि पृष्ठभाग खरखरीत होऊन उन्हात चमकू नये म्हणून त्या रंगावर लाकडाचा भुसा भुरभुरवलेला असे. शत्रूच्या नजरेत भरू नये यासाठी इतकी काळजी घेणाऱ्या सैन्यातील शिपायाने त्याच पृष्ठभागावर लाल, पिवळे, निळे पट्टे ओढून आघाडीवर जावे, हे मुळातच पटणारे नाही. त्याहून ठोस पुरावा तारखांचा आहे. डिव्हिजनची चिन्हे खांद्यावर लावण्यास अमेरिकी मोहीम सैन्यात ऑक्टोबर १९१८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, आणि ११ नोव्हेंबरला तर युद्धविराम झाला. ८१ व्या डिव्हिजनचे रानमांजर किंवा ४२ व्या डिव्हिजनचे इंद्रधनुष्य हेल्मेटावर दिसले, तर ते त्या अखेरच्या आठवड्यांत किंवा त्यानंतर काढले गेल्याचा संभव मोठा आहे. ‘ओ’ या अक्षरात ‘ए’ बसवलेले चिन्ह असेल, तर शंकेलाही जागा उरत नाही, कारण ते थर्ड आर्मीचे, म्हणजे युद्धविरामानंतर जर्मनीत ताबा घेण्यासाठी गेलेल्या फौजेचे चिन्ह आहे. शातो-थिएरी, सँ-मिहिएल आणि म्यूज-आर्गोन अशी लढायांची यादी असलेल्या हेल्मेटांकडे लोक विशेष आदराने पाहतात. परंतु म्यूज-आर्गोनची मोहीम २६ सप्टेंबर १९१८ रोजी सुरू होऊन युद्धविरामापर्यंत चालली, तेव्हा ही पूर्ण यादी डोक्यावर मिरवत सैनिक त्याआधी झालेल्या सँ-मिहिएलच्या लढाईत लढला असेल, हे शक्यच नाही. जर्मनीतील कोब्लेन्झच्या परिसरातील मुक्कामात, परतीच्या जहाजावर किंवा घरी पोहोचल्यावर सैनिकांच्या हाताशी रंगकामासाठी लागणारा निवांतपणा होता.

याला जर्मन हेल्मेटे हा मोठा अपवाद आहे. जुलै १९१८ मध्ये जर्मन सेनानी लुडेन्डॉर्फच्या सहीने निघालेल्या आदेशात हेल्मेटावर हिरव्या, पिवळसर मातकट आणि गंजासारख्या तपकिरी रंगांचे तुकडे रंगवावेत आणि त्यांच्यामध्ये बोटभर रुंदीच्या काळ्या रेघा ओढाव्यात, असे सांगितले होते. हा रंग लपण्यासाठी होता, त्यामुळे तो खरोखर आघाडीवर वापरला गेला. अमेरिकी हेल्मेटावरची चित्रे ओळख मिरवण्यासाठी होती. या दोन वेगळ्या प्रथांची सरमिसळ झाल्यामुळे हा गैरसमज पोसला गेला असावा, असे मला वाटते.

चिन्हावरून डिव्हिजन कळते हे बरोबर असले, तरी चिन्ह कोणी आणि केव्हा काढले, हे त्यावरून कळत नाही. साध्या हेल्मेटापेक्षा चिन्हांकित हेल्मेटाला संग्राहक अधिक किंमत देतात, एवढे कारण खोटे चित्र काढायला पुरते. आत १९३६ च्या सुधारित नमुन्याचे, एम १९१७ ए १ चे, अस्तर असेल, तर ते हेल्मेटाचे पोलादी कवच दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पुन्हा वापरात आले होते, हेही लक्षात घ्यावे लागते. कवच, अस्तर, हनुवटीचा पट्टा आणि रंग यांच्या तारखा स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात.

नावाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. नाव मिळाले की अमेरिकेतील सेंट लुईसच्या सैनिकी अभिलेखागारातून सेवापुस्तिका मिळते, असे सांगितले जाते; प्रत्यक्षात १२ जुलै १९७३ रोजी तेथे लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातील सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली नष्ट झाल्या. म्हणून संशोधकाला आडवाटेने जावे लागते: अनेक राज्यांनी तयार केलेली सेवापत्रके, तुकड्यांचे हजेरीपट आणि सैन्यवाहू जहाजांच्या प्रवासी याद्या, ज्यांत सैनिकाच्या जवळच्या नातलगाचे नावही सापडते. १९१८ पासून शिपायांना सेवाक्रमांक दिले जाऊ लागले. हेल्मेटावर असा क्रमांक असेल, तर प्रचलित आडनावापेक्षा त्यावर अधिक भिस्त ठेवावी. जर्मन हेल्मेटावरील अमेरिकी नाव मात्र ते आठवण म्हणून घरी नेणाऱ्याचे असू शकते.

अतिनील दिव्याची महती तर अवास्तव वाढवली गेली आहे. आधुनिक रंगांतील काही घटक त्याखाली उजळतात हे खरे, पण जुने जस्ताचे पांढरे रंगद्रव्य आणि लाखेचे वॉर्निशसुद्धा उजळतात. उलट न उजळणारा रंग आजही सहज मिळतो. रंगद्रव्याचे रासायनिक पृथक्करण यापेक्षा भरवशाचे असते. थॅलोसायनिन निळा रंग १९३५ च्या सुमारास बाजारात आला, त्यामुळे तो सापडला तर निदान ती निळी रेघ पहिल्या महायुद्धातील नाही, एवढे नक्की होते; मात्र ती बनावट आहे की एखाद्या वृद्ध माजी सैनिकाने संचलनासाठी जुनाच रंग उजळून घेतला आहे, हे प्रयोगशाळा सांगत नाही.

हे सगळे मान्य करून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि युद्धानंतर रंगवलेले म्हणून हेल्मेट निकामी ठरवतात. हेही चूकच आहे. थर्ड आर्मी नोव्हेंबर १९१८ मध्ये उभी राहिली आणि जुलै १९१९ मध्ये विसर्जित झाली. तिचे अस्सल चिन्ह असलेले हेल्मेट जर्मनीत ताबा घेणाऱ्या फौजेतील सेवेची नोंद म्हणून वाचता येते, आणि त्या फौजेच्या याद्या व हजेरीपट धुंडाळायला संशोधकाला तेवढा धागा पुरतो.