‘एक पोट म्हणजे अभ्यास नव्हे’ म्हणणाऱ्या वाशीकरांना

‘एक वाशीकर’ (नाव लिहायला काय हरकत होती?) यांची, दुसऱ्या-तिसऱ्यांदा पोट उघडताना ते कसं शिवणार हे सर्जनला आधी विचारा, या माझ्या लेखावरची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: “अहो काका, एक पोट म्हणजे अभ्यास नव्हे. जखम पिकली ती स्टेपलच्या पिनांमुळे नाही, तुमच्या साखरेमुळे आणि चार तास चाललेल्या ऑपरेशनमुळे. लोकांना उगाच घाबरवू नका.”

बायको म्हणाली, सोडून द्या. दोन दिवस सोडलं.

एक चूक कबूल. विरघळणाऱ्या धाग्याला मी सरसकट ‘कॅटगट’ (जनावराच्या आतड्यापासून बनवलेला जुना धागा) म्हटलं होतं. पोटाच्या भिंतीला हल्ली पीडीएससारखा सावकाश विरघळणारा कृत्रिम धागा वापरतात. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता ‘एक पोट’. साहेब, ते एक पोट तीनदा उघडलं आहे. १९९८ साली अपेंडिक्स फुटलं, २०११ला आतडी चिकटून अडली, २०२२ला जुन्या व्रणातूनच हर्निया. तिन्ही वेळा चीर त्याच रेषेवर. तिसऱ्या खेपेला कातडीला पिना मारल्या. सातव्या दिवशी खालच्या चार पिना काढून पू वाहता करावा लागला आणि पुढे पाच आठवडे रोज ड्रेसिंग. नौपाड्यातला दुसरा मजला, लिफ्ट नाही. जखमेत गॉज भरताना बायको तोंड फिरवत नसे, मी फिरवायचो. तुम्ही ज्याला ‘एक पोट’ म्हणता ना, ते हे.

जुन्या व्रणाचा रक्तपुरवठा बेताचा असतो, चिकटलेली आतडी सोडवण्यात वेळ जातो आणि वेळ वाढला की संसर्गाचा धोका वाढतो, हे मी लेखातच लिहिलं होतं. तिथवर तुम्ही पोहोचला नसाल.

अभ्यास हवा ना? घ्या. २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘चीता’ नावाची चाचणी आली. भारतासह सात देश, तेरा हजारांवर रुग्ण. पोट शिवायला घेण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदलली तिथे जखमेचा संसर्ग १६ टक्के, न बदलणाऱ्यांत १८.९. त्यात पिना की धागा हा प्रश्न नव्हता, हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो. पण पोट बंद करतानाच्या त्या अर्ध्या तासात काय होतं याला महत्त्व आहे की नाही? २०१५ची डच चाचणी बघा. भिंतीला पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातले तर वर्षभरात हर्निया १३ टक्के, मोठ्या टाक्यांनी २१. संसर्गात मात्र फरक पडला नाही. हेही लिहून टाकतो, तुमचे कष्ट वाचतील.

मी ‘पिना नकोत’ असं कुठे लिहिलं? दुसऱ्या-तिसऱ्यांदा पोट उघडणार असतील तर आतून कसं शिवणार, वरून कसं, एवढं सर्जनला आधी विचारा, असं लिहिलं होतं. विचारण्याने कोण घाबरतं?

साखर तिसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोनशे दहा होती. दिवाळी नुकतीच झाली होती. तो विषय वेगळा.

आणि काका म्हणा, वय झालंच आहे. त्याआधीचं ‘अहो’ तेवढं गाळा.