जुन्या भाडेकरू दुकानदारांसाठी खुलासा

‘चेन स्टोअरला जागा द्यायची असेल तर मालक महिन्याच्या नोटिशीवर जुनं दुकान खाली करून घेऊ शकतो’ असा मेसेज नवी पेठ, चाटी गल्लीत फिरतोय. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १६ वाचा. ताबा कोर्टाच्या हुकुमानेच मिळतो, तोही मालकाची स्वतःची खरी गरज, परवानगीशिवाय ठेवलेला पोटभाडेकरू अशा ठरावीक कारणांसाठी. जास्त भाडं देणारी कंपनी आली, हे कारण त्यात नाही. भाडं थकलं तरी दाव्याआधी लेखी नोटीस आणि ९० दिवस द्यावे लागतात. लिव्ह अँड लायसन्सचं मात्र वेगळं, तिथे मुदत संपली की जागा सोडावीच लागते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. दोन-दोन पिढ्यांची दुकानं आहेत ही, घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. भाडेपावत्या जपून ठेवा. मालक देत नसेल तर मागा, कलम ३१ नुसार पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.